चुकणारा डॉक्टर

अमेरिकी दूरचित्रवाणीवरील डॉक्टर फार काळ चुकतच नव्हता. १९६१ साली ‘डॉ. किल्डेअर’ आणि ‘बेन केसी’ या मालिका सुरू झाल्या, तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशनची सल्लागार समिती अशा मालिकांच्या संहिता तपासत असे. हेतू वैद्यकीय अचूकतेचा होता. परंतु तिच्या आडोशाने व्यवसायाची प्रतिमाही जपली गेली, असे आम्हांला वाटते. रोगाशी झुंजणारा डॉक्टर प्रेक्षकांनी पाहिला. स्वतःच्या निर्णयाशी झुंजणारा क्वचितच.

मायकेल क्रायटनने वैद्यकीय विद्यार्थी असतानाच्या अनुभवांवर १९७४ मध्ये लिहिलेली एक संहिता वीस वर्षे पडून राहिली. १९९४ मध्ये तिच्यातूनच ‘ईआर’ अवतरली. मार्च १९९५ मधील ‘लव्ह्ज लेबर लॉस्ट’ हा तिचा भाग आम्हांला या इतिहासातील निर्णायक वळण वाटतो. डॉ. मार्क ग्रीन एका गर्भवतीची तक्रार मूत्रमार्गाचा साधा संसर्ग समजून तिला घरी धाडतो. रुग्णालयाबाहेर पडताच तिला झटका येतो आणि मग खरा आजार, गर्भारपणातील घातक रक्तदाब, उघड होतो. प्रसूतितज्ज्ञ वेळेवर पोहोचत नाही. ग्रीन हट्टाने, आपल्या आवाक्याबाहेरची शस्त्रक्रिया करतो. मूल वाचते, आई जाते.

या भागाचा लेखक स्वतः तातडीच्या विभागात काम केलेला डॉक्टर होता. म्हणूनच कदाचित येथे खलनायक नाही. एक घाईची तपासणी, एक उशीर, एक अहंकार. प्रत्येक गोष्ट क्षम्य, बेरीज मात्र अक्षम्य.

पुढे १९९९ च्या अमेरिकी अहवालाने रुग्णालयांतील चुकांमुळे तेथे दरवर्षी ४४,००० ते ९८,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला. २००० मध्ये अल्बर्ट वू या डॉक्टरने चूक घडलेल्या सहकाऱ्यांना ‘दुसरा बळी’ म्हटले. ही संज्ञा करुणेची आहे आणि आवश्यकही. कारण अपराधभाव गिळून दुसऱ्या रुग्णापुढे उभे राहणे ही त्या व्यवसायाची न बोललेली अट आहे.

तरीही एक शंका उरते. ग्रीनचे अश्रू आपल्याला आठवतात, त्या स्त्रीचे नाव किती जणांना आठवते? डॉक्टरला माणूस म्हणून पाहायला या मालिकेने शिकवले, हे तिचे मोठे ऋण. पण दुसऱ्या बळीचे सांत्वन करताना पहिला बळी दृष्टीआड होऊ नये, एवढे भान आपणच राखायला हवे.