रानपिंगळा
३. रानपिंगळा : सारंगखेड्याची दत्तजयंतीची यात्रा आटोपून शहाद्यावरून तोरणमाळाकडे निघालेल्या ग्रंथकर्त्याने येथे उल्लेखिलेला हा पक्षी गावोगावच्या वडापिंपळांवर आढळणाऱ्या पिंगळ्याहून भिन्न होय. ज्यांचे नाव पुढे राष्ट्रसभेच्या स्थापनेशी निगडित झाले त्या ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे प्रथम वर्णन केले. मुंबई इलाख्याच्या मुलकी नोकरीतील जेम्स डेव्हिडसन यांनी तत्कालीन खानदेश जिल्ह्यातून तिचे नमुने जमविले. आणि १८८४ नंतर ती जणू लुप्तच झाली. १९१४ साली गुजरातेत नमुना मिळाल्याचा कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांचा दावा म्हणजे संग्रहालयातून चोरलेला जुनाच पक्षी नव्याने भरून रचलेला निव्वळ बनाव होता, व त्यापायी शोधकांचे श्रम भलत्याच मुलखात खर्ची पडले. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्यानजीक सातपुड्याच्या पायथ्याशी पुनश्च दिसला. माथ्यावर ठिपके जवळजवळ नसणे, छाती गडद तपकिरी, पोटाचा खालचा भाग निखळ पांढरा, पंख व शेपटी यांवर रुंद पांढरे पट्टे आणि पायांवर दाट पिसे, या त्याच्या खुणा. तो दिवसाही वावरतो; सबब दुपारच्या दर्शनाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र पुढील परिच्छेदातील ‘ठिपक्यांनी भरलेले डोके’ हे वर्णन सामान्य पिंगळ्याचेच दिसते.