नोंद वाटेत कुठे हरवते? दुतोंड्या मारुतीपासून फायरवॉलपर्यंत

मंडळी, पावसाळ्यात पंचवटीत कुणालाही विचारा, गंगेला पाणी किती? (गोदावरीला इथे गंगाच म्हणतात, हे बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी.) उत्तर क्युसेकमध्ये येत नाही. ‘दुतोंड्याच्या कमरेला लागलंय’ किंवा ‘छातीपर्यंत आलंय’ असं येतं. रामकुंडाजवळचा हा दोन तोंडांचा मारुती म्हणजे नाशिकचा पूरमापक. त्याच वेळी सरकारी यंत्रणा गंगापूर धरणातून किती विसर्ग सुरू आहे, होळकर पुलाखालून किती क्युसेक पाणी जातंय, हे सांगत असते. म्हणजे एकाच पाण्याच्या दोन नोंदी झाल्या. धरणातून मोठा विसर्ग सोडल्याचं जाहीर झालं आणि कितीतरी वेळ मारुतीचे पाय कोरडेच राहिले, तर कुठेतरी चुकलंय. उलट धरणातून काही सोडलं नाही आणि इथे पाणी चढतंय, तर ते वाटेतल्या नाल्यांचं आहे. नोंद एकच असती तर यातलं काहीच कळलं नसतं.

आज आपण बोलणार आहोत ते अशाच एका राखणदाराच्या नोंदींबद्दल. बँक, पतसंस्था, कारखाना, कॉलेज, कुठेही जा. त्यांच्या संगणकांच्या जाळ्याच्या वेशीवर एक पेटी बसवलेली असते. फायरवॉल म्हणतात तिला. वेशीवरचा जागल्या समजा. कोण आलं, कुठून आलं, कुठे जायचं म्हणत होतं, आत सोडलं की परत पाठवलं, हे सगळं ती ओळीओळीनं लिहून ठेवते. त्या ओळींना लॉग म्हणतात. (शब्द जहाजावरचा. दोरीला बांधलेला लाकडाचा ओंडका पाण्यात टाकून जहाजाचा वेग मोजत आणि तो आकडा वहीत लिहीत. ओंडक्याचं नाव वहीला चिकटलं.) या ओळी दुसऱ्या यंत्रावर गोळा होतात, तिथे त्यांचे अहवाल बनतात, आणि ते साहेबांच्या टेबलावर किंवा ईमेलमध्ये येतात. बिघाड झाला की तक्रार बहुतेक वेळा एकच असते: ‘अहवाल रिकामा येतोय.’

आमचं म्हणणं असं आहे की हे दुखणं संगणकानं आणलेलं नाही. घटना घडली, लिहिली गेली, आणि वाचणाऱ्यापर्यंत पोचली नाही, हा प्रकार दप्तराइतकाच जुना आहे. म्हणून तो समजून घ्यायला आधी आपल्या दप्तराकडे जाऊ.

मराठी हिशेबात दोन वह्या वेगळ्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. रोजकीर्दीत ज्या क्रमानं घडलं त्या क्रमानं लिहायचं. तिथे निवड करायची नाही. मग त्यातली एकेक नोंद उचलून खतावणीत त्या त्या माणसाच्या, त्या त्या बाबीच्या खात्यावर घालायची. आजच्या भाषेत रोजकीर्द म्हणजे लॉग, खतावणी म्हणजे अहवाल. जुन्या कारकुनाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: खतावणी चुकली तर रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते, पण रोजकीर्द गेली तर खतावणी मांडायला काही उरत नाही. आणि रोजकीर्दीत मागली शिल्लक पुढे ओढावी लागते. त्यामुळे मधलं एखादं पान गळालं की बेरीज जुळत नाही, आणि कारकून लगेच पकडला जातो. ही सोय फार मोठी आहे. फायरवॉलच्या पुष्कळशा अहवालांत नेमकी तीच नसते. मधले दोन दिवस गायब असले तरी आलेख मजेत काढला जातो.

पेशवे दप्तराचं उदाहरण घ्या. पुण्यात हजारो रुमाल बांधून ठेवलेले. गोळा केलेलं सगळं जागच्या जागी होतं. पण ते मोडीत. मोडी वाचणारे कमी होत गेले तसतशी ती नोंद असून नसल्यासारखी होत गेली. गणेश चिमणाजी वाडांसारख्या माणसांनी पेशव्यांच्या रोजनिशांतून निवडे काढले, न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली त्यावर निबंध वाचला, तेव्हा कुठे बाहेरच्यांना आत काय आहे याचा अंदाज आला. फायरवॉलचंही असंच होतं. कंपनी नवी आवृत्ती देते, ओळ लिहिण्याची पद्धत थोडी बदलते, एखादा रकाना पुढेमागे होतो. गोळा करणाऱ्या यंत्राला जुनीच लिपी येत असते. ओळी येतात, साठतात, डिस्क भरते, पण अहवालात काही नाही. मोडीचे रुमालच ते!

आणि आपल्या रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या? त्यांचं तर आम्हाला फार कौतुक आहे. गाव सांगा, आडनाव सांगा, जात सांगा. उपाध्ये नेमकी वही काढतात आणि तुमचे पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते वाचून दाखवतात. याचं गुपित काय? प्रत्येक घराण्याकडे ठरलेली गावं, म्हणजे कोणती नोंद कुठे जायची हे आधीच ठरलेलं. येणारा यजमान स्वतःच्या हातानं लिहितो. आणि मुख्य म्हणजे पुढचा माणूस आला की आधीचं पान उघडलंच जातं. नोंद वाचली जाते, म्हणून ती चुकली तर कळतं.

आता संगणकाकडे. १९८० च्या दशकात अमेरिकेत बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल नावाची टपालव्यवस्था लिहिली. तिच्या नोंदी ठेवायला जोडकाम म्हणून सिस्लॉग जन्मला. सोपा होता, म्हणून सगळ्यांनी उचलला. त्याचं कागदोपत्री वर्णन व्हायला २००१ साल उजाडलं, तेही ‘लोक हे असं असं वापरतात’ एवढंच सांगणारं. त्या जुन्या पद्धतीतल्या ओळीत महिना, दिवस, तास, मिनिटं, सेकंद असतात, पण वर्ष नसतं. कुठल्या देशाची वेळ, तेही नसतं! २००९ च्या नव्या नियमात या दोन्ही गोष्टी आल्या. तरी आजही कितीतरी पेट्या जुन्याच ढंगानं बोलतात.

दुसरी गोम पाठवण्याच्या रीतीत. सिस्लॉगची मूळ वाट यूडीपी ५१४. ती म्हणजे साधं पोस्टकार्ड. पेटीत टाकलं, पाठवणारा मोकळा. पोचलं का, कुणी विचारत नाही. पोच हवी तर टीसीपी, म्हणजे रजिस्टर एडी. पण तिथेही मेख आहे. काही उपकरणांत टीसीपीनं पाठवताना समोरचं यंत्र बंद पडलं, तर फायरवॉल नवी रहदारीच थांबवते. नोंद होत नसेल तर कुणाला आत सोडणार नाही, असा बाणा. तत्त्व म्हणून चांगलंय. पण सोमवारी सकाळी पतसंस्थेचा कारभार ठप्प होतो आणि कारण शोधत सगळे भलतीकडेच फिरतात.

घड्याळाचा गोंधळ तर आपल्या मुंबई इलाख्याला नवा नाहीच. एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेनं धावत होती आणि मुंबई स्वतःच्या वेळेनं. फरक सुमारे अर्ध्या तासाचा. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली. ती मुंबईच्या वेळेच्या ३९ मिनिटं पुढे. मुंबईनं आपली जुनी वेळ सोडायला १९५५ पर्यंत वेळ घेतला! त्या काळातल्या दोन दप्तरांतून एखाद्या घटनेचा क्रम लावायचा म्हणजे आधी कोणतं घड्याळ, हे विचारायला हवं. फायरवॉल ग्रिनिचच्या वेळेनं लिहीत असेल आणि अहवालाचं यंत्र भारतीय वेळेनं वाचत असेल, तर नोंदी साडेपाच तास मागे पडतात. ‘गेल्या एका तासाचा अहवाल’ मागितला की रिकामा. नोंदी हरवलेल्या नाहीत, त्या सकाळच्या कप्प्यात पडून आहेत.

हे सगळं तांत्रिक वाटेल, पण यात माणसं कशी बुडतात ते बघा. आधी एक सुटलेला किस्सा. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाला काम दिलं गेलं ते ७५ सेंटचा हिशेब का जुळत नाही, हे बघण्याचं. दोन वेगवेगळे प्रोग्राम संगणकाच्या वापराचा हिशेब ठेवत होते आणि त्यांच्यात एवढासा फरक पडत होता. दुसऱ्या कुणी ‘किरकोळ आहे’ म्हणून सोडलं असतं. स्टॉलनं धागा धरला आणि तो निघाला पश्चिम जर्मनीतल्या एका घुसखोरापर्यंत, जो लष्करी माहिती सोव्हिएत हेरखात्याला विकणाऱ्या टोळीत होता. स्टॉलनं केलं काय? फोनच्या तारांवर थेट प्रिंटर जोडले. नोंद कागदावर, संगणकाच्या बाहेर. घुसखोराला तिचा पत्ताही नव्हता आणि ती पुसायची सोयही नव्हती.

आता उलटा किस्सा. फेब्रुवारी २०१६, ढाका. बांगलादेश बँकेत परदेशी व्यवहारांचे स्विफ्ट संदेश एका प्रिंटरवर आपोआप छापले जात. शुक्रवारी, ५ तारखेला, प्रिंटर काही छापत नव्हता. प्रिंटर बिघडतातच, असं समजून लोक कामाला लागले. प्रत्यक्षात चोरांनी आदल्या रात्री न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्हमधल्या खात्यातून पैसे काढण्याचे संदेश पाठवले होते आणि त्यांची छापील पोच दाबून टाकली होती. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोचले. बंद प्रिंटर हीच त्या दिवशीची सगळ्यात महत्त्वाची नोंद होती, पण ती कुणी नोंद म्हणून वाचली नाही.

आणि मग आपलं पुणं. कॉसमॉस बँक, १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. चोरांनी बनावट कार्डं वापरून २८ देशांतल्या एटीएममधून काही तासांत सुमारे ७८ कोटी रुपये काढले, भारतात आणखी अडीच कोटी, आणि १३ तारखेला स्विफ्टमार्गे १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला. एकूण ९४ कोटींच्या वर. युक्ती काय होती? एटीएमची मागणी बँकेच्या मूळ खातेवहीकडे जाते आणि तिथून होकार येतो. चोरांनी मधे बनावट स्विच बसवला. मागणी तिथेच अडायची आणि तिथूनच होकार जायचा. खातेवहीला काही विचारलंच गेलं नाही, म्हणून तिच्यात काही लिहिलंही गेलं नाही. खातेवही खोटं बोलत नव्हती. तिच्यापर्यंत बातमी आलीच नव्हती. पैसे काढणाऱ्यांपैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयानं २०२३ साली दोषी ठरवलं.

म्हणजे ढाक्यात वाचणाऱ्यापर्यंतची वाट तोडली, पुण्यात लिहिणाऱ्यापर्यंतची. दोन्हीकडे समोर दिसली ती शांतता. आणि शांततेचे दोन अर्थ असतात: काही घडलं नाही, किंवा काही कळलं नाही. रिकामा अहवाल या दोन्हींसाठी हुबेहूब सारखाच दिसतो, आणि आमच्या मते ही त्या अहवालाच्या रचनेतलीच खोट आहे.

मग शोधायचं कसं? नदी बघतो तसंच, उगमाकडून खाली. बहुतेक लोक अहवालाच्या पडद्यावर बसून बटणं दाबत राहतात, म्हणजे मारुतीशी उभं राहून धरणात काय चाललंय याचा अंदाज बांधण्यातला प्रकार. आधी पेटीवर जा. ज्या नियमानं रहदारी आत सोडली जाते त्या नियमाला नोंद ठेवायला सांगितलंय का? पुष्कळ पेट्यांत हे प्रत्येक नियमागणिक वेगळं चालू करावं लागतं, आणि नवा नियम घाईत लिहिणारा ते विसरतो. मग पेटीची स्वतःची डिस्क बघा, भरलीय का. भरली की काही पेट्या जुनं पुसतात, काही नवं लिहिणं थांबवतात. मग वाट: गोळा करणाऱ्या यंत्राचा पत्ता बदललाय का, मधल्या दुसऱ्याच एखाद्या फायरवॉलनं ५१४ अडवलाय का. हे हसण्यावारी नेऊ नका. राखणदाराचं पत्र दुसऱ्या राखणदारानं अडवणं हे वरचेवर होतं. गोळा करणाऱ्या यंत्राच्या दारात बसून येणारी पाकिटं मोजायची सोय असते, टीसीपीडम्प म्हणतात. तिथे पाकिटं दिसली तर वाट ठीक, रोग पुढचा आहे. मग घड्याळ. मग लिपी, म्हणजे ओळी उलगडणारा भाग. काही यंत्रांना दिवसाकाठी किती नोंदी घ्यायच्या याचा परवाना असतो. तो दुपारीच संपला तर संध्याकाळ कोरी. अहवालाची ठरलेली वेळ आणि तो ज्या ईमेलवर जातो ते खातं सगळ्यात शेवटी तपासा. नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या पत्त्यावर अहवाल वर्षभर इमाने-इतबारे जात राहतात.

सरकारनंही आता यात लक्ष घातलंय. ‘सर्ट-इन’नं २८ एप्रिल २०२२ ला दिलेल्या निर्देशांप्रमाणे आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस, देशाच्या हद्दीत, सांभाळायचे. घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची. घुसखोरी लक्षात आली की ६ तासांत कळवायची. या तिन्हींतलं घड्याळाचं कलम लोक सगळ्यात हलकं समजतात. मुंबईची ३९ मिनिटं आठवा. लॉगमधली वेळच चुकीची असेल तर कधी काय घडलं हे सहा तासांच्या आत सांगणार कसं?

१८० दिवस लॉग ठेवलाय, असं कुणी सांगितलं तर आम्ही एकच मागणी करतो. पाच महिन्यांपूर्वीचा कुठलाही एक दिवस उघडून दाखवा. रामकुंडावर उपाध्ये पन्नास वर्षांपूर्वीचा दाखवतात. आणि दर आठवड्याला एकदा, ठरवून, फायरवॉलनं अडवायलाच हवी अशी एखादी वेबसाइट ऑफिसातून उघडायचा प्रयत्न करा. घड्याळात वेळ बघून कागदावर लिहा. मग अहवालात ती ओळ शोधा. सापडली नाही तर त्याच दिवशी पेटीपासून खाली तपासायला लागा.