पाणी जमिनीचे की माणसाचे? पुरंदरच्या पाणी पंचायतीची कथा

१/ जमीन कुणाची, हे सातबारा सांगतो. तिच्या पोटातले पाणी कुणाचे? १८८२च्या भारतीय सुविधाधिकार कायद्याने उत्तर दिले: जमीनमालकाचे. स्वतःच्या हद्दीतील भूजल उपसण्याचा हक्क भूमीला चिकटला आणि भूमिहीन माणूस हिशेबातून वगळला गेला.

२/ नव्वद वर्षांनंतर, १९७२च्या दुष्काळात, या उत्तराची कसोटी लागली. पुण्याचे अभियंते-उद्योजक विलासराव साळुंखे पुरंदर तालुक्यात फिरत होते. कालपर्यंतचे शेतकरी दुष्काळी कामांवर खडी फोडताना त्यांनी पाहिले.

३/ पुरंदर हा पर्जन्यछायेचा प्रदेश. पाऊस थोडा, जो पडतो तोही उतारावरून माती घेऊन वाहून जातो. हे पाणी जागीच अडवले तर? १९७४ साली साळुंख्यांनी नायगाव येथे देवस्थानची ४० एकर माळजमीन खंडाने घेतली आणि तेथेच मुक्काम ठोकला.

४/ उतारावर समतल बांध, पायथ्याशी पाझर तलाव, तलावाखाली विहीर आणि विहिरीतून उपसा करून वरच्या शेतांना पाणी. या खडकाळ माळावर पीक उभे राहिले. तंत्र मुळीच गुंतागुंतीचे नव्हते. खरा पेच पुढे होता: अडवलेले पाणी वाटायचे कसे?

५/ त्यातून पाणी पंचायतीचे नियम घडले:
• पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, कुटुंबातील माणसांवर. माणशी अर्धा एकर, कुटुंबाला कमाल अडीच एकर.
• जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही.
• भूमिहीनालाही पाण्याचा वाटा.
• उसासारखे पाणीखाऊ पीक वर्ज्य.
• योजनेच्या खर्चाचा २० टक्के भार लाभार्थ्यांनी उचलायचा.

६/ दुसरा नियम पुन्हा वाचा. १८८२च्या कायद्याने जमीन आणि पाणी यांची जी गाठ मारली होती, ती गावकऱ्यांनी आपापसांतल्या कराराने सोडवली. कायदा होता तिथेच राहिला. व्यवहार मात्र बदलला.

७/ ही वाट सोपी नव्हती. ज्याच्याजवळ वीस एकर आहेत, त्याने अडीच एकरांच्या पाण्यावर समाधान मानायचे आणि उसाचा मोह सोडायचा, हा मोठाच त्याग होता. म्हणूनच हा प्रयोग अनेक गावांत पोहोचला, तरी राज्याचा शिरस्ता झाला नाही.

८/ साळुंखे २००२ साली निवर्तले. २००५मध्ये महाराष्ट्राने दोन महत्त्वाचे कायदे केले. एकाने जलसंपत्ती नियमन प्राधिकरण स्थापले, दुसऱ्याने सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे सोपवले. लोकसहभागाचे तत्त्व कायद्यात आले, हे मोठे पाऊल होय. परंतु या संस्थांचे सभासदत्व लाभक्षेत्रातील जमीनधारकांचे. भूमिहीनाचा वाटा कायद्याच्या उंबरठ्याबाहेरच राहिला.

९/ धरणांचा इतिहास बहुधा उंची आणि साठवणक्षमता यांच्या आकड्यांत सांगितला जातो. नायगावचा माळ दुसरा आकडा पुढे करतो: माणशी अर्धा एकर. पाणी किती अडवले, याइतकेच ते कुणापर्यंत पोहोचले, हेही इतिहासाने नोंदवायला हवे.