अल्लाबक्ष सूम्रो कुठल्या धड्यात बसतात?

शाळेत फाळणीचा धडा आला की दोन-चार नजरा माझ्याकडे वळत. धड्यात जिना होते, मुस्लिम लीग होती. अल्लाबक्ष सूम्रो नव्हते. लाहोर ठराव मार्च १९४० चा. पुढच्याच महिन्यात सिंधच्या या नेत्याच्या अध्यक्षतेखाली दिल्लीत आझाद मुस्लिम परिषद भरली आणि तिने पाकिस्तानच्या मागणीला विरोध केला. १९४३ साली सूम्रोंचा खून झाला.

पाकिस्तानी पाठ्यपुस्तकांना असा मुसलमान अडचणीचाच. त्या पुस्तकांची चिरफाड के. के. अझीझ या पाकिस्तानी इतिहासकारानेच १९९३ मध्ये ‘द मर्डर ऑफ हिस्टरी’त केली. पण आपल्याला सूम्रो का नकोत? शत्रूचा चेहरा एकच असला की सोयीचे जाते, दुसरे काय! मला ते पस्तिशीनंतर भेटले, तेही एका तळटीपेत.