बँकेत डेटा इंजिनीअर व्हायचंय? आधी एसक्यूएल शिका

मानोरा : पोहरादेवीच्या रामनवमी यात्रेत नारळाचे पैसे फोनवरून क्षणात जातात. यूपीआय २०१६ला आलं. पण दोन्ही बँका आणि एनपीसीआयच्या नोंदी जुळवाव्याच लागतात. पैसे कापले आणि पोचले नाहीत, तर शोध त्यातूनच लागतो. या नोंदी गोळा करून, तपासून पुढे पाठवणारी यंत्रणा बांधतो तो डेटा इंजिनीअर.

सुरुवात एसक्यूएलपासून करावी, मग पायथन. पोस्टग्रेस फुकट मिळतं. स्वयम पोर्टलवर डेटाबेसचे कोर्स मोफत आहेत, फी फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला. व्हिडिओ मोबाईलवर चालतील. सरावाला जुना का होईना, कॉम्प्युटर लागतोच. नोकरीची हमी देऊन लाखभर मागणाऱ्या क्लासला शेतीचा पैसा देण्याआधी दोन महिने घरी सराव करून बघावा. पहिली नोकरी अनेकदा रिपोर्ट किंवा टेस्टिंगची असते. तीही घ्यावी, बँकेचा डेटा तिथंच कळतो.