चैत्यगृहाची रचना आणि उपासकाचे चित्त

महाराष्ट्रातील लेण्यांविषयी जे लेखन झाले आहे, त्यात लेणे कोणी व कोणाच्या कारकिर्दीत खोदविले याची चर्चा विपुल आहे. परंतु त्या वास्तूत शिरणाऱ्या माणसाच्या चित्तावर तिच्या रचनेचा कोणता परिणाम होतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते बौद्ध वास्तूच्या इतिहासात हाच प्रश्न मूलभूत आहे.

दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तानुसार तथागतांचा स्तूप चार महापथ मिळतात त्या ठिकाणी उभारावयाचा आहे, आणि त्याच्या दर्शनाने बहुजनांचे चित्त प्रसन्न व्हावे, हे त्याचे प्रयोजन आहे. चव्हाटा कोणाच्या मालकीचा नसतो. तेथून सर्वच जातात. ‘पसाद’ या पालि शब्दात निवळलेल्या पाण्याची स्वच्छता आणि श्रद्धा हे दोन्ही अर्थ आहेत. स्थान सर्वांचे आणि प्रयोजन चित्ताचे, ही स्तूपाची दोन लक्षणे होत.

कार्ल्याचे चैत्यगृह या दृष्टीने पाहावे. ते सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद व जवळजवळ तितकेच उंच आहे. दोन्ही बाजूंस पंधरा-पंधरा शीर्षयुक्त स्तंभ आणि स्तूपामागे सात साधे अष्टकोनी स्तंभ आहेत. प्रवेशाला तीन दरवाजे आहेत. मधला सभामंडपात नेतो, तर बाजूचे दोन स्तंभांमागील अरुंद वाटांत. वरच्या भव्य कमानीतून येणारा प्रकाश मधल्या भागातून स्तूपाकडे जातो. बाजूच्या वाटा अंधुक राहतात. त्या वाटेने चालणाऱ्या उपासकाला स्तंभांच्या फटींतून स्तूप दिसतो, लपतो, पुन्हा दिसतो. त्याची चाल आपोआप मंदावते व आवाज खाली येतो. येथे कोणी आज्ञा देत नाही, रचनाच शिकविते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, स्तूप भरीव असतो. त्याला आत नाही, म्हणून आतला पुजारी आणि बाहेरचा भक्त असा भेदही त्याच्याभोवती उभा राहत नाही. गर्भगृहाला उंबरठा असतो आणि उंबरठ्यावर कोणाला तरी अडविता येते. वर्तुळाकार वाटेवर पहिला कोण व शेवटचा कोण, हे सांगता येत नाही.

दानलेख हेच सांगतात. कार्ल्याच्या मुखभागाच्या कामात धेनुकाकटच्या सामी नामक सुताराचा व सिंहदत्त नामक गंधविक्रेत्याचा उल्लेख आहे. स्तंभदात्यांत यवन आहेत. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांतील चैत्यगृहाच्या मुखभागावर तर धंभिक या गावाचे दान कोरलेले आहे. एका गावाने दिलेले ते प्रवेशद्वार! त्याच नाशिकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या बंद दारासमोर बोधिसत्त्व बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आमच्या पूर्वजांना सत्याग्रह आरंभावा लागला. दोन दारांमधील हे अंतर दोन समाजरचनांमधील अंतर आहे.

बौद्ध वास्तूही बदलत गेली, हे मान्य केले पाहिजे. अजिंठ्याच्या १२ क्रमांकाच्या प्राचीन विहारात तीन भिंतींना चार-चार सारख्या खोल्या आणि प्रत्येकीत दोन दगडी शय्या आहेत. एकही खोली दुसरीहून श्रेष्ठ नाही. पाचव्या शतकातील १ क्रमांकाच्या विहारात मात्र मागील भिंतीत बुद्धमूर्तीचे गर्भगृह आले. मूर्ती महान आहे. पण मधल्या चौकाला समोर-मागे अशी दिशा आली व सर्वांची दृष्टी एका दाराकडे वळली.

नागपूरच्या दीक्षाभूमीवरील स्तूपाने या परंपरेला नवे वळण दिले. वास्तुशिल्पी शिवदानमल यांनी आराखडा केलेल्या या स्तूपाचे उद्घाटन १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांच्या हस्ते झाले. बाह्यरूप सांचीचे, पण घुमट पोकळ. चारही दिशांना प्रवेशद्वारे. ज्या समाजाला शतकानुशतके दाराबाहेर ठेविले, तो येथे थेट स्तूपाच्या आत उभा राहतो. प्राचीन स्तूपाने ‘आत’ नाहीसा केला. दीक्षाभूमीने तो सर्वांचा केला. मार्ग भिन्न, तत्त्व एकच.

आज वस्त्या-वस्त्यांतून विहार उभे राहत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि, काही ठिकाणी मूर्ती मागील भिंतीला टेकविलेली, तिच्यापुढे लोखंडी जाळी आणि जाळीची किल्ली एका व्यक्तीच्या हाती असे दृश्य दिसते. जागा थोडी व पैसा अपुरा, ही अडचण खरी आहे. परंतु मूर्तीभोवती दोन हात वाट सोडण्यास आणि खिडकीची जागा विचारपूर्वक ठरविण्यास फार धन लागत नाही. गर्भगृहाची रचना स्वीकारली की तिच्याबरोबर उंबरठा येतो आणि उंबरठ्यामागून राखणदार येतो. विहार बांधणाऱ्या उपासक-उपासिकांनी पायाभरणीपूर्वी एकदा कार्ल्याच्या त्या अंधुक वाटेने सर्वांनी मिळून चालून यावे, एवढेच आमचे सांगणे आहे.