गाठ दिसण्याआधीची खूण



छातीतल्या गाठीचा विषय निघाला की आपण हळूच म्हणतो, "तिच्या आईलाही होता, आत्यालाही होता. घराण्यातच आहे." आणि गप्प होतो. मुलींची लग्नं अडतील, ही भीती असते. पण स्तनाच्या कॅन्सरचं एक मोठं कोडं सुटलं ते बायकांनी हीच माहिती उघड सांगितली म्हणून. ती हकिकत आज ऐकू या.

१८६६ साली फ्रान्समध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांनी आपल्या बायकोच्या घराण्याची नोंद छापली. त्या घरातल्या बायका पिढ्यान् पिढ्या याच आजाराने गेल्या होत्या. वारशाने काहीतरी उतरत होतं. पण नेमकं काय, हे कळायला सव्वाशे वर्षं गेली.

१९७४ च्या सुमारास अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या संशोधक बाईंनी हे काम हाती घेतलं. एका जनुकामुळे असं होत असेल, हे तेव्हा बहुतेकांना पटत नव्हतं. त्यांनी २३ कुटुंबांचा अभ्यास केला. आजार कोणाला झाला, कितव्या वर्षी झाला, हे लिहून घेतलं आणि रक्ताचे नमुने तपासले. आजारासोबत घराण्यात उतरत जाणारी खूण त्या शोधत होत्या. १९९० मध्ये ती सतराव्या गुणसूत्रावर सापडली. तरुणपणी आजार झालेल्या घरांत ती ठळक दिसली. १९९४ मध्ये ते जनुक नेमकं हाती लागलं. त्याचं नाव बीआरसीए-१. पुढच्या वर्षी बीआरसीए-२ मिळालं.

ही जनुकं आपल्या सगळ्यांत असतात, बायकांत आणि पुरुषांतही. पेशीतला बिघाड दुरुस्त करणं हे त्यांचं काम. त्यांच्यातच दोष असला तर दुरुस्ती नीट होत नाही आणि धोका खूप वाढतो. तरी दोष आहे म्हणजे कॅन्सर होणारच, असं नाही. हा दोष आईकडून येतो, तसाच वडिलांकडूनही येतो. म्हणून मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करायला हवी.

स्तनाच्या शंभर कॅन्सरपैकी साधारण पाच ते दहाच असे वारशाने येतात. त्यामुळे घराण्यात कोणाला नसला, तरी गाठ लागली की लगेच दाखवायची.

आणि घरात दोघी-तिघींना झाला असेल, किंवा कोणाला तरुणपणीच झाला असेल, तर डॉक्टरांना आपणहून सांगा. रक्ताच्या तपासणीने हा दोष कळतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात त्याची सोय आहे. दोष निघाला, तर गाठ येण्याची वाट न पाहता नियमित तपासण्या लवकर सुरू करता येतात. लेकीला ही माहिती द्या. लपवून तिचं भलं होणार नाही.